पाइपातली हवा

शेडमधल्या धुळीत चार चाकांचे चार ठसे होते. तीन सारखे होते. चौथा नव्हता.

शेखर झाडू घेऊन वाकला होता, तो वाकलेलाच राहिला. गाडी बाहेर पडली की शेड झाडून घ्यायची, ही त्याची दीड वर्षाची सवय. जयराम शेठनी कधी सांगितलं नव्हतं, त्याचं तोच करायचा. आज तर त्याला सुट्टी होती. गाडी शेठच्या मुलाने, रितेशने नेली होती. पण मे महिन्याच्या उन्हात घरी नुसतं बसून माणूस काय करणार, म्हणून किन्हवलीतून सायकल मारत आला होता.

तीन ठसे नेहमीसारखे, फणी ओढावी तशा बारीक नागमोडी रेघांचे. मधल्या रेघा स्पष्ट, काठ पुसट. चौथ्याचे, डाव्या मागच्या चाकाचे, दोन्ही काठ धुळीत खोल रुतले होते. मध्ये रेघा नुसत्या टेकल्यासारख्या.

त्याने झाडू बाजूला ठेवला. गुडघ्यावर बसून त्या ठशाची लांबी वितीने मापली. मग दुसऱ्या ठशाची मापली. मग पुन्हा पहिल्याची, कारण पहिल्यांदा मापलेलं त्याला पटलं नव्हतं.

रात्रभर गाडी इथे उभी होती. रात्रभर तो टायर बसत गेला होता.

"काकी! गाडी कधी गेली?"

शेठच्या पत्नी ताराबाई ओट्यावर पापड वाळत घालत होत्या. "आत्ताच की. अर्धा तास झाला असंल. राहुकाळ लागायच्या आत काढली."

"चाकांकडं बघितलं का कोणी?"

"बघितलं म्हंजे? ओवाळलं चाकांना. पुढच्या दोघांखाली लिंबू ठेवलं. ते बघ चिरडलंय." त्या हसल्या. "सातवा लागलाय रे सूनबाईला, कुणालीला. पोटुशी बाई डोंगरापलीकडं माहेरी जायची, असंच पाठवीन होय?"

"मागच्या चाकांखाली?"

"मागं कोण ठेवतं लिंबू?"

"आणि मडकं? मडकं पेटलेलं होतं का, काकी?"

"नाय रे बाबा. रितेश बोलला ना, आई, सगळं बंद हाय, एकदम क्लिअर."

बंद असणारच. तो टायर काढून विहिरीत टाकला असता तरी ते बंदच राहिलं असतं.

*

मडकं म्हणजे एक दिवा. गाडीच्या काट्यांच्या मधोमध, पिवळा, मडक्याच्या आकाराचा, आणि मडक्यात एक उद्गारचिन्ह. टायरमधली हवा उतरली की पेटतो. घरात सगळे त्याला मडकंच म्हणत.

गाडी मुरबाडच्या एका कारखान्यात आलेल्या जपानी साहेबाची. त्याने ती आपल्या देशातून आणली होती, आणि परत जाताना जयराम शेठना विकली. सोबत दोन गोष्टी दिल्या. एक जपानी पुस्तक, जे कुणालाच वाचता येईना. आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चार जादा चाकं, टायरसकट. त्या टायरांच्या कडेला डोंगराचं चित्र होतं, आणि डोंगरात फुलासारखं काहीतरी.

शेठ म्हणाले, "डोंगराचं चित्र हाय म्हंजे डोंगरासाठीच. खाचा बघ केवढ्या खोल. पावसाळ्यात चिखलाला हेच लावायचे."

कुणालीने तेव्हाच सांगितलं होतं. लग्न होऊन तिला दोन महिने झाले होते, बीएस्सी होती. "बाबा, ते फूल नाही, बर्फ आहे. थंडीतले टायर आहेत हे. यांचं रबर मऊ असतं. उन्हाळ्यात नाही चालायचे."

"मग चांगलंच की! गारेगार चालतील," शेठ म्हणाले, आणि अंगणात जेवढी माणसं होती तेवढी हसली. शेखरही हसला होता.

जुलैत ते टायर लागले. चिखल त्यांनी धरला, खोटं कशाला बोला. पण पहिल्याच दिवशी मडकं पेटलं आणि पेटलेलंच राहिलं. हवा भरली तरी तसंच. कल्याणच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, दिव्याला हवेची बातमी देणारे सेन्सर जुन्या चाकांत आहेत. नव्या चाकांत नाहीत. जुनी चाकं लावा, दिवा जाईल.

शेठना जुनी चाकं लावायची नव्हती आणि दिवाही नको होता. चारचौघांना गाडीत बसवलं की प्रत्येक जण विचारायचा, "शेठ, हे काय पेटलंय?" शेवटी ते शेखरला म्हणाले, "गणपतीच्या आत मडकं विझलं पायजे. कसं ते तू बघ. नायतर मी दुसरा माणूस बघतो."

त्याच आठवड्यात शेखर जुनी चाकं डिकीत घालून सरळगावला निघाला. तिथे नाक्यावर लडकूचं पंक्चरचं दुकान. वाटेत मडकं आपोआप विझलं.

लडकूने डोकं खाजवलं. टायर रिममधून उकलला. आत वॉल्वला चिकटून काडेपेटीएवढी काळी डबी. "ही बोलते रे गाडीशी," तो म्हणाला. "चाकात असो नायतर डिकीत, तिला हवेत ठेवली की झालं."

मग त्याने नळाचा जाड पीव्हीसी पाइप घेतला. चारही डब्या फडक्यात गुंडाळून आत घातल्या. दोन्ही टोकांना टोपण, सोल्युशन, एका टोपणाला वॉल्व. बत्तीस पौंड हवा भरली. पाइप गोणपाटात बांधून डिकीत, स्टेपनीच्या बाजूला.

मडकं विझलं. कायमचं विझलं. शेठनी शेखरला शर्टपीस दिलं. "सेटिंग करून घेतली," एवढंच शेखर म्हणाला.

पावसाळा संपला की टायर बदलायचे होते. पण जुन्या चाकांत आता डब्या नव्हत्या. त्या परत बसवायच्या म्हणजे पाइप बाहेर काढा, फोडा, सगळं सांगा. दिवाळीत शेठनी विचारलं, "बदलायचे का रे?" तो म्हणाला, "अजून चांगले हायेत शेठ." संक्रांतीला तेच म्हणाला. होळीनंतर शेठनी विचारायचं सोडलं.

आणि रितेशला गाडी शिकवताना, शेठ मागच्या सीटवर बसलेले असताना, रितेशने त्या दिव्याचं काम काय म्हणून विचारलं, तेव्हा शेखर काय म्हणाला होता?

"मडकं पेटलं तर थांबायचं, रितेशभाऊ. नाय पेटलं तर बिनधास्त."

*

मडकं : विझलेलं.
पाइपात : बत्तीस.
टायरात : वीस? अठरा?

रितेशचा फोन वाजत राहिला, उचलला नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हेही शेखरनेच शिकवलं होतं. गाडीत सोबत गेलेल्या शेठचा फोन लागेना.

किन्हवली सोडली की सरळगाव, तिथून टोकावडे, मग घाट. घाटात चढ, वळणं, डाव्या अंगाला दरी. मागच्या सीटवर कुणाली आणि तिच्या आजूबाजूला ओटीच्या टोपल्या. आणि खाली बर्फासाठी केलेलं मऊ रबर, मे महिन्यातलं डांबर, अर्धी हवा. असा टायर आधी तापतो. कडेने चेपून चेपून आतून फाटतो. बाहेरून काही दिसत नाही, आणि मग एकदम दिसतं.

त्याने लडकूला फोन लावला.

"लडकू, नाक्यावर आहेस?"

"जाणार कुठं रे? बोल."

"शेठची गाडी येईल. थांबव. मागच्या डाव्यात हवा नाय. आडवा हो पण थांबव."

"मडकं?"

"मडकं काय विचारतोस? तूच विचारतोस?"

"थांबवतो," लडकू म्हणाला.

रस्त्यावर कुंडलिक दूधवाला रिकामे कॅन लटकवून परतत होता. शेखर त्याच्या मोटारसायकलपुढे जाऊन उभा राहिला.

"गाडी दे."

"कॅन तरी काढू दे! कुठं आग लागलीय?"

"लागायचीय."

कुंडलिकने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कॅन सोडवता सोडवता एवढंच म्हणाला, "चौथ्या गेरला रडते. रडू दे. बंद पडत नाय."

*

रडत होती.

*

सरळगावच्या नाक्यावर लडकू रस्त्यातच उभा होता. एकटा.

शेखरने ब्रेक मारला. "कुठं आहे गाडी?"

"गेली."

"गेली म्हंजे?"

"थांबवली होती रे. हात केला, थांबले. काच खाली केली रितेशने. मी बोललो, भाऊ, मागं हवा कमी दिसते. त्याने मला दिवा दाखवला." लडकूने बोट पुढे करून दाखवलं, रितेशने दाखवलं असेल तसं. "बोलला, बंद हाय बघ लडकू, तुझंच काम ना हे? एक नंबर काम केलंस. आणि हसला. आणि गेला."

"उतरून बघायचंस ना! चाक दाखवायचंस!"

"शेठ बोलले, टाइम नाय, राहुकाळाच्या आत घाट चढायचाय."

"पाइपाचं सांगायचंस!"

लडकूने मान खाली घातली. "शेठ पुढंच बसले होते, शेखर. त्यांच्या तोंडावर?" मग मान वर करून म्हणाला, "तू सांगितलंस का दहा महिन्यांत?"

शेखरने मोटारसायकलचं हँडल टोकावड्याकडे वळवलं.

"चाक बघितलंस?" शेखरने विचारलं.

"बघितलं. पोट सुटलंय त्याचं."

"पायपंप घे. गेज घे. बस मागं."

लडकूने दुकानाचं शटर ओढलंसुद्धा नाही. पंप मांडीवर आडवा घेऊन तो मागे बसला.

*

मडकं : विझलेलं.
पाइपात : बत्तीस. (ऊन लागलं असेल तर तेहतीस.)
टायरात : पंधरा. चौदा. देव जाणे.

टोकावड्याच्या पुढे एका चढावर शेखरने गाडी थांबवून पुन्हा फोन काढला. रेंजच्या दोन काड्या. शेठचा नंबर लागला.

"काय रे शेखर? सुट्टीच्या दिवशी पण चैन नाय तुला?"

"शेठ, गाडी थांबवा."

"का?"

"मागचा डावा टायर. हवा नाय त्यात. आधी थांबवा, मग बोलतो."

"तू किन्हवलीत बसून तुला कसं दिसलं?"

"धुळीत दिसलं."

शेठ हसले. फोनमधून गाडीचा आवाज येत होता, टोपलीतल्या कशाची तरी किणकिण. "आरं, मडकं बंद हाय. रितेश, बंद हाय ना? बंद हाय बघ. तूच तर—"

शेखरने लडकूकडे पाहिलं. लडकूने मान हलवली. नको. त्याचे ओठ हलले, आवाज नव्हता, पण शब्द कळला. नको.

दुसरा ड्रायव्हर शेठना संध्याकाळपर्यंत मिळेल. शेखरला दुसरा शेठ मिळणार नाही. या पंचक्रोशीत कोण ठेवेल त्याला? मालकाला दहा महिने दिवा दाखवून फसवणारा ड्रायव्हर म्हणून नाव होईल, किन्हवलीपासून शहापूरपर्यंत.

"शेठ, मडकं खोटं आहे," तो म्हणाला. "ते टायरचं दाखवतच नाय. डिकीत गोणपाटात पाइप आहे, त्यात डब्या आहेत, मडकं त्या पाइपातली हवा दाखवतं. मी बसवून घेतलाय. टायर फुटला तरी ते पेटणार नाय, शेठ. वैनी मागं आहेत, थांबवा, पाया पडतो, मला उद्या हाकला पण आत्ता—"

फोनमध्ये आवाज नव्हता.

त्याने कानापासून काढून बघितला. कॉल संपला होता. कधी संपला? कुठल्या शब्दावर? रेंजची एकही काडी नव्हती.

*

रस्त्यावर काळे कण होते.

आधी त्याला वाटलं खडीचा चुरा. मग एका वळणावर डांबराच्या डाव्या कडेला एक पुसटशी काळी फराटी दिसली, कोळसा घासावा तशी. पुढच्या वळणावर पुन्हा. लडकूनेही पाहिली.

प्रत्येक वळणाआधी शेखर कठड्याकडे बघायचा. कठडा शाबूत दिसला की श्वास घ्यायचा. मग पुढचं वळण यायचं. एका ठिकाणी कठड्याचे दोन दगड पडलेले होते. त्याच्या हातातून गाडी सुटता सुटता राहिली, पण त्या खाचेत गवत उगवून वाळलं होतं. जुनं होतं. गेल्या पावसाळ्यातलं. कुणाचं तरी दुसऱ्याचं.

"हळू," लडकू मागून म्हणाला. "आपण पडलो तर त्यांना सांगायला कोण जाणार?"

आणखी एक वळण. शाबूत.

आणखी एक.

आणि

*

गाडी रस्त्यात तिरकी उभी होती. मागचं डावं दार सताड उघडं. मागच्या सीटवर कुणी नव्हतं.

शेखरने मोटारसायकल स्टँडवर लावलीच नाही. ती आडवी पडली, पेट्रोलचा वास आला, तो धावत सुटला.

कुणाली गाडीच्या पलीकडे किलोमीटरच्या दगडावर बसली होती. पदराने वारा घेत होती. तोंड पांढरंफटक, पण डोळे जागेवर.

"वैनी?"

"मी बरी आहे," ती म्हणाली.

रितेश गाडीभोवती फेऱ्या मारत होता. शेखर दिसताच त्याच्यावर आला. "चालत्या गाडीत दार उघडलं हिने! माहितीय? चालत्या! मी ब्रेक मारला नसता तर?"

"तीनदा बोलले थांबवा म्हणून," कुणाली बसल्या जागेवरून म्हणाली. "फोन स्पीकरवर होता, शेखर काय बोलला ते मी ऐकलं. मडकं खोटं आहे. मग फोन कटला. बाबा बोलले, प्यायला असेल. तुम्ही बोललात, दिवा बंद आहे. शेखर पीत नाही, एवढं मला माहितीय. मग मी दार उघडलं."

डावं मागचं चाक रिमवर बसलं होतं. टायरच्या कडेने सगळीकडून एक राखाडी पट्टा घासला होता, आणि त्या पट्ट्यात एका जागी सुताचे धागे बाहेर आले होते. लडकूने हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. बसलाच होता चटका. "अजून एक-दोन वळणं," तो पुटपुटला.

जयराम शेठ पुढच्या दाराला टेकून उभे होते. एरवी बोलणारा माणूस, पण आता सावकाश शब्द शोधून बोलत होते. "खोटं म्हंजे काय रे, शेखर? मडकं खोटं हाय म्हंजे काय? पुढचं काय ऐकू आलं नाय."

शेखरला कळलं. फोन त्याच शब्दावर तुटला होता. पाइपाचं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

लडकूलाही कळलं. तो लगेच पुढे झाला. "बल्ब गेला असंल, शेठ. उन्हाने जातो. परदेशी गाड्यांचं असंच. मी स्टेपनी घालून देतो, दहा मिनिटं."

शेठनी मान डोलावली. बल्ब गेला. बल्ब कुणाचाही जातो. रितेशही जरा सैल झाला. शेखरने डिकी उघडली. जॅक काढला, पाना काढला. गोणपाट तिथेच होतं, आत पाइप. त्यावर एक टोपली सरकवली की झालं. उद्या शेडमध्ये काढून फेकता येईल. नोकरी राहील. शर्टपीस शिवायचं राहिलंय, तेही शिवून होईल.

त्याने स्टेपनी उतरवली. लडकूने जॅक लावला. नट सुटले, चाक बदललं, नट आवळले. सगळे बघत होते.

"झालं," रितेश म्हणाला. "चला, बसा."

कुणाली दगडावरून उठली नाही. "उरलेल्या तिघांचं काय?" तिने विचारलं.

"काय त्यांचं?"

"ते पण तसलेच आहेत ना? बर्फातले? आणि वर अजून अख्खा घाट आहे. त्यांतली हवा गेली तर आपल्याला कसं कळणार?" ती रितेशशी बोलत होती, पण बघत शेखरकडे होती. "बल्ब गेलाय ना?"

शेखरच्या हातात पाना होता. तो त्याने रस्त्यावर ठेवला. डिकीकडे गेला, गोणपाट ओढून काढलं, गाठ सोडली आणि पाइप शेठच्या पायांपुढे डांबरावर ठेवला.

"हे काय?"

"बल्ब गेलेला नाय, शेठ. बल्ब चांगला आहे. तो याच्याकडं बघतो."

मग त्याने सगळं सांगितलं. जुन्या चाकांतल्या डब्या, पाइप, बत्तीस पौंड, सेटिंग. दिवाळी, संक्रांत, होळी. फोनवर जे सांगितलं होतं तेच, पण तिथे पाया पडला होता ते वगळून. सांगून झाल्यावर त्याने वाकून वॉल्वची टाचणी नखाने दाबली. हवा सुटली. दहा महिन्यांची हवा, रबराच्या वासाची, कितीतरी वेळ सुटत राहिली. रितेश गाडीत डोकं घालून बघत होता. बराच वेळ काही झालं नाही.

"पेटलं," तो म्हणाला.

लडकू मध्ये पडला. "पाइप मी केला, शेठ. त्याला यातलं काय कळतं?"

"तू गप." शेठ शेखरच्या अगदी जवळ आले. आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "माझी सून. माझं नातवंड. त्यांना तू या नळावर बसवून घाटात पाठवलंस."

"होय, शेठ."

"आणि रोज माझ्या तोंडाकडं बघून गाडी चालवलीस."

"होय."

"मडकं विझव असं तुम्हीच सांगितलं होतं, बाबा," कुणाली म्हणाली.

शेठनी तिच्याकडे वळून बघितलं. सुनेने सासऱ्याला असं बोलायची रीत त्या घरात नव्हती. तिलाही ते बोलून झाल्यावर जाणवलं असावं, पण तिने मान खाली घातली नाही. खालून एक ट्रक हॉर्न वाजवत आला, तिरक्या गाडीला शिव्या देत वळसा घालून गेला.

"टायर बघ असं नव्हतो बोललो," शेठ म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग शेखरला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

"बरं."

"चावी घे. वरपर्यंत तू चालव."

रितेशने तोंड उघडलं. सासुरवाडीला स्वतः गाडी चालवत न्यायची म्हणून त्याने आठ दिवस हट्ट धरला होता. शेठनी नुसता हात वर केला. रितेश मागे, टोपल्यांच्या बाजूला जाऊन बसला.

लडकूने गेज लावून तिन्ही टायर मोजले, मोठ्याने आकडे सांगत, जणू कुणी लिहून घेत होतं. "सव्वीस. सत्तावीस. पंचवीस. तापलेले असून एवढेच." मग पायपंप जोडला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून, एका पायावर नाचल्यासारखा, एकेक टायर तीसपर्यंत भरत गेला. घाम हनुवटीवरून पंपावर पडत होता. शेवटी स्टेपनी मोजली, तिलाही चार-पाच पंप दिले.

"मी खाली जातो," तो शेखरला म्हणाला. "कुंडलिकची गाडी पोचवतो. तू परत कसा येशील?"

"येईन एसटीने."

पाइप लडकूने उचलून काखेत घेतला. शेठ बघत राहिले.

*

मडकं : पेटलेलं.

शेखरने गाडी दुसऱ्या गियरमध्ये ठेवली होती. समोर पिवळा दिवा. सगळे त्याच्याकडेच बघत होते. दिवा काही सांगत नव्हता. पाइप खाली गेला होता, डब्या पाइपात. दिव्याला आता एवढंच माहीत होतं की आपल्याला काही माहीत नाही.

पहिल्या मोठ्या वळणाआधी त्याने गाडी कडेला घेतली, उतरला, चारही चाकांवर तळहात ठेवून आला. शेठ घड्याळाकडे बघत होते. दुसऱ्या वळणाआधी पुन्हा. "असं किती वेळा?" रितेशने विचारलं, तोवर शेखरने गाडी पुढे काढली होती. राहुकाळ केव्हाच लागला होता.

तिसऱ्यांदा तो उतरला तेव्हा घाटमाथा दिसत होता. उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं पुढचं. डाव्या मागच्या चाकाशी तो गुडघ्यावर बसला. हात टेकवला. काढला नाही.

वरून काच खाली झाल्याचा आवाज आला.

"कसं आहे?" कुणालीने विचारलं.

शेखरने उठून पुढच्या चाकावर पुन्हा एकदा हात ठेवला. मग मागच्या. खात्री करून घेतली.

"गरम आहे, वैनी," तो म्हणाला. "पण सगळी सारखीच गरम आहेत."

"मग चला," ती म्हणाली.